नक्षी शेवटी पाहा
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच वस्तू पुन्हा पुन्हा डोकावते : नक्षी असलेले जाडजूड खापर. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरीच्या काठावरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांत नांगरट झाली की अशी खापरे वर येतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर लांबले आहे, कारण बाकीची बरीचशी त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : शिरूर तालुक्यात नदीकाठच्या शेतात तळहाताएवढे खापर मिळाले. जाडी दीड सेंटीमीटर. बाहेरून एक उठावाची पट्टी आहे आणि तिच्यावर बोट दाबल्यासारखे खळगे आहेत. हे इनामगावच्या काळातले असेल का? पाहायला सुरुवात कुठून करावी? (एक शिक्षिका)

उत्तर : असू शकेल, पण ते पट्टीवरून ठरणार नाही. इनामगाव हे घोड नदीकाठचे उत्खनन झालेले ताम्रपाषाणयुगातले, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरात असतानाचे, गाव. माळवा आणि जोर्वे ही तिथल्या वस्तीच्या एकामागून एक आलेल्या काळांची नावे. बोटांनी दाबलेली पट्टी माळवा काळातल्या, म्हणजे इ.स.पू. १६०० च्या पुढच्या रांजणांवर आहे, जोर्वे काळातल्या रांजणांवर आहे आणि अगदी अलीकडेपर्यंत कुंभारवाड्यांत घडलेल्या रांजणांवरही आहे. करायला सोपी, उपयोगाची आणि बोटाशिवाय दुसरे हत्यार न मागणारी, म्हणून ती टिकली. तेव्हा नक्षी शेवटी पाहा. आधी तुटलेली कड, मग आतली बाजू, मग बाहेरची.

त्याच्याही आधी जागा लिहून ठेवा : गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश आणि आजूबाजूला आणखी काय पडले होते ते. हे शेवटचे सगळ्यांत मोलाचे. एकटे जाड खापर काळ सांगत नाही, त्याच्या सोबतीची खापरे सांगतात. लाल पृष्ठभागावर काळ्या रंगात समांतर रेषा, जाळी, शंकरपाळे काढलेली पातळ, टिचकी मारली की खणखणणारी खापरे आणि कॅल्सेडनीची (गारेसारख्या दगडाची) चिमुकली पाती बरोबर असतील, तर जोर्वे काळाची शक्यता बळावते. इनामगावला आद्य जोर्वे काळ इ.स.पू. १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे १००० ते ७०० असा धरतात. सोबत चिनीमाती आणि मंगलोरी कौलांचे तुकडे असतील तर उत्साह आवरावा. त्या कौलांचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. ‘रांजणाचे खापर’ म्हणून जपलेला तुकडा कौलाचा निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. टेबलावर ठेवून डोलवून पाहा : रांजणाचे खापर आडवे आणि उभे, दोन्ही दिशांनी वाकलेले असते, कौल एकाच दिशेने, नाहीतर अजिबात नाही.

आता कड. नांगराने ताजी फोडलेली कड मिळाली तर उत्तम, कारण जुन्या कडेवर माती आणि क्षार चढलेले असतात. ताजी नसेल तर नक्षीपासून दूरच्या कोपऱ्याची तीन-चार मिलिमीटरची कपची पकडीने काढतात, पण ढीगभर खापरे असतील तेव्हाच. (खापर फोडायचेच तर कोणाच्या माथी नको, पकडीत फोडावे.) एकुलत्या एका खापराला पकड लावू नका. दहा पटींचे भिंग डोळ्याशी धरा आणि दिवसाच्या उजेडात खापर भिंगाजवळ आणा.

मधोमध काळा थर आणि दोन्हीकडे लाल असा छेद जाड भांड्यांत नेहमी दिसतो. मातीतला भुसा, लीद पुरती जळण्यासाठी हवा आणि वेळ, दोन्ही लागतात. जाळ लवकर ओसरला की दीड सेंटीमीटर जाडीच्या गाभ्यातला कार्बन तसाच राहतो. काळ्या आणि लाल रंगाची सीमा धूसर असेल तर हे अर्धवट जळणेच. ती रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असेल, तर धुरात भाजलेल्या भांड्याला तापलेले असतानाच हवा लागली. बाहेर लाल आणि आतून काळे असेल तर रांजण बहुधा उपडा ठेवून भाजला, आत हवा पोचली नाही. आणि काळेपणा तुटलेल्या कडेवरूनही पसरला असेल, तर ती भाजणीची खूण नव्हेच. रांजण फुटल्यावर तो तुकडा चुलीत किंवा आगीत सापडला. हा फरक हुकला की लाल भांड्याची नोंद ‘काळे भांडे’ अशी होते आणि तीच पुढे चालत राहते.

मग कण. दख्खनच्या पठारावरची माती बसाल्टची. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. नुसत्या तिचा रांजण आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जाण्याआधीच तडकेल. म्हणून तिच्यात वाळू, भुसा, राख, लीद मिसळतात. हे मिश्रण आकसणे कमी करते आणि भाजताना वाफेला वाट देते. भिंत जितकी जाड तितके मिश्रण जास्त आणि भरड. त्यामुळे रांजणाचे खापर ओबडधोबड दिसते ते कारागिरी कमी म्हणून नव्हे. भुसा जळून गेला की चपट्या पोकळ्या राहतात, आणि त्यांतल्या काहींत तुसाच्या शिरांचा ठसा भिंगाखाली दिसतो. इथल्या वाळूत काळे पायरोक्झिन, पांढुरके फेल्स्पार, झिओलाइट आणि कॅल्सेडनी या खनिजांचे कण मिळतात. सोनेरी किंवा चंदेरी चमक दिसली तर थांबा, कारण बसाल्टच्या मातीत अभ्रक जवळजवळ नसतो. चमक फक्त पृष्ठभागावर असेल तर अभ्रकाची पूड घातलेला लेप असेल. ती पद्धत ताम्रपाषाणयुगापेक्षा पुढच्या काळांत जास्त दिसते. चमक कडेतही असेल तर माती किंवा अख्खे भांडेच बसाल्टच्या मुलखाबाहेरून आले असावे.

पृष्ठभागावर शंकूसारखा टवका उडालेला असेल तर त्याच्या तळाशी पांढरा ठिपका शोधा. मातीतला चुनखडीचा खडा ८०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजला की त्याचा कळीचा चुना होतो. तो पुढे हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवतो. ठिपका सापडला की तो घाव नांगराचा नाही हे नक्की.

आतल्या बाजूला गोल, उथळ, चार-सहा सेंटीमीटरचे खळगे एकमेकांना खेटून असतील आणि त्यांच्यासमोर बाहेर चपटे पैलू असतील, तर आतून गोल गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत भिंत वाढवली आहे. सलग समांतर बारीक रेघा म्हणजे चाक. वळ्या रचून केलेल्या रांजणाची कड पुष्कळदा आडवी, सरळ आणि गुळगुळीत फुटते. मोठा रांजण एका दमात उभा राहत नाही. एक थर चढवायचा, तो थोडा ताठ होऊ द्यायचा, मग पुढचा. खालचा थर जास्त वाळला तर वरचा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि रांजण कधी ना कधी त्याच रेषेवर सुटतो. तुमच्या खापराची एखादी कड अशी सरळ असेल आणि पट्टी तिच्या लगत असेल, तर पुढचे उत्तर तुमच्यासाठीच आहे.

प्रश्न : ही पट्टी शोभेची की आधाराची? आणि खापराची वरची बाजू कोणती, हे कसे ओळखावे?

उत्तर : दोन्ही कामे ती करते, पण प्रत्येक खापरावर दोन्ही करतेच असे नाही. पट्टीच्या बरोबर मागे, आतल्या बाजूला, सांध्याची रेघ किंवा जाडीत फरक सापडला तर पट्टी सांधा झाकून बळकट करण्यासाठी आहे. सांधा नसेल आणि पट्टी खांद्यावर असेल तर तिच्याखाली दोर अडकवता येतो, भरलेला रांजण सरकवताना हाताला पकड मिळते. पट्टी निखळून गेली असेल तर तिचा व्रण पाहा. व्रणावर ओरखडे मारलेले असतील तर कुंभाराने चिकटण्यासाठी मुद्दाम खरबरीत केले होते. व्रण गुळगुळीत असेल तर ओली पट्टी अर्धवट वाळलेल्या भिंतीवर तशीच दाबली. दोघींचे आकसणे जुळले नाही आणि पट्टी सुटली.

खळगे मोजा : दोन खळग्यांच्या मध्यांमधले अंतर, रुंदी, खोली. प्रत्येक नवा दाब आधीच्या खळग्याची कड थोडी ढकलतो, त्यामुळे काम डावीकडून उजवीकडे झाले की उलट, हे कळते. नखाची कोर दिसली तर बोट कोणत्या बाजूने आले तेही कळते. मात्र बोटाच्या रुंदीवरून ‘हे बाईचे बोट’, ‘हे मुलाचे बोट’ असे निकाल देऊ नका. वाळताना आणि भाजताना मिळून माती ५ ते १० टक्के आकसते, शिवाय हलक्या दाबाचा खळगा मुळातच अरुंद उठतो.

खळगे तिरपे आणि पिळाचे वाटले तर ते दोरीचे ठसे आहेत का हे पाहायला मऊ खेळमाती हलकेच दाबून उलटा ठसा घ्या. मातीवरचा ठसा दोरीच्या आरशातल्या प्रतिमेसारखा असतो. खेळमातीच्या ठशात पिळाची दिशा दोरीत होती तशी दिसते. रंगीत किंवा भुगा होणाऱ्या पृष्ठभागावर हे करू नका. मोठा रांजण ओला असताना पोटाशी फुगून बसू नये म्हणून त्याला दोरी गुंडाळण्याचीही रीत आहे. तेव्हा दोरीचा प्रत्येक ठसा म्हणजे नक्षी, असे धरून चालू नका. नक्षीची दोरी नेमकी आणि सारख्या अंतराने दाबलेली असते. आधाराची तिरकी जाते, मध्येच पुसलेली असते.

कोरलेल्या रेघांचे तीन प्रकार आहेत. ओल्या मातीवर ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना माती वर उचललेली असते. थोड्या वाळलेल्या मातीवरची रेघ स्वच्छ असते, तिचा तळ चकचकीत दिसतो. भाजल्यावर ओढलेली रेघ फाटकी असते, तिच्यात फुटलेले कण आणि फिकट भुगा दिसतो. ही तिसरी रेघ पुष्कळदा नांगराची, कुदळीची किंवा धुणाऱ्याच्या ब्रशाची असते आणि तिचीही नक्षी म्हणून हौसेने नोंद झालेली आढळते. दोन रेघा छेदतात तिथे कोणती तुटली आहे ते पाहा. तुटलेली ती आधीची.

हे सगळे वरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाही. खोली अंधारी करा, विजेरी खापराला जवळजवळ टेकवून १०-१५ अंशांच्या तिरप्या कोनात धरा आणि चारही बाजूंनी फिरवा. प्रत्येक बाजूचे एक छायाचित्र घ्या, मोजपट्टी शेजारी ठेवून. एकाच बाजूच्या उजेडात खळगा उठाव वाटतो आणि उठाव खळगा, म्हणून चार.

वरची बाजू ओळखायला आधी आडवी रेषा ठरवा : चाकाच्या रेघा, पट्टी किंवा वळीचा सांधा. मग जाडी दोन टोकांना मोजा. रांजणाची भिंत बहुधा खाली जाड होत जाते. लेपाचा ओघळ मिळाला तर प्रश्नच मिटला, पण ओघळ कधी कधी उपड्या भांड्याचाही असतो, म्हणून जाडीशी ताडून पाहा.

चिकटवलेली नक्षी नुसत्या पट्टीपुरती नसते. नर्मदेकाठच्या नावडातोलीला एका मोठ्या रांजणावर देवळासारखी चौकट, तिच्या एका बाजूला स्त्री आणि दुसऱ्या बाजूला सरड्या-मगरीसारखा प्राणी, अशी आकृती मिळाली आहे. म्हणून खापराच्या काठावर तुटलेला उठाव पट्टीच्या ओळीतून बाहेर वळत असेल तर त्याची वेगळी नोंद करा. तेवढ्यावरून देवी मात्र उभी करू नका. बोटाच्या सात खळग्यांत सप्तर्षी पाहणारी पत्रेही येतात. पट्टी जिथे तुटली तिथे सात झाले, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : माझ्याकडे काठाचा १२ सेंटीमीटरचा तुकडा आहे. रांजणाचे तोंड केवढे होते? धान्य किती मावत असेल?

उत्तर : काठ टेबलावर उपडा टेकवा आणि काठाखालून येणारा उजेड दिसेनासा होईपर्यंत तुकडा पुढेमागे कलवा. तोच त्याचा खरा कल. त्याच स्थितीत कागदावर बाहेरचा कंस उतरवा. कंसाची दोन टोके जोडणारी जीवा आणि मधोमध त्या जीवेपासून कंसाची उंची, जुन्या गणितातला ‘शर’, ही दोन मापे पुरतात. त्रिज्या म्हणजे जीवेचा वर्ग भागिले शराची आठपट, अधिक शराचा निम्मा.

जीवा १२ सेंटीमीटर आणि शर ०.९ असेल तर १४४ भागिले ७.२ म्हणजे २०, अधिक ०.४५, त्रिज्या २०.४५, तोंडाचा व्यास सुमारे ४१ सेंटीमीटर. आता शर ०.८ वाचला असे धरा : १४४ भागिले ६.४ म्हणजे २२.५, अधिक ०.४, व्यास जवळजवळ ४६. एका मिलिमीटरच्या चुकीने तोंड पाच सेंटीमीटरने मोठे झाले. म्हणून शर तीनदा मोजा आणि उत्तर ‘४१’ असे न लिहिता ‘३७ ते ४६’ असे लिहा. हाताने घडवलेला काठ पुरता गोल नसतो हेही लक्षात असू द्या. ४१ सेंटीमीटर व्यासाचा परीघ १२९ च्या आसपास, म्हणजे तुमच्याकडे काठाचा साडेनऊ टक्के भाग आहे. हिशेबाला तो चालेल. पाच टक्क्यांहून कमी काठ असेल तर व्यास काढायच्या फंदात पडू नये.

धान्याचे उत्तर काठावरून मिळत नाही, त्यासाठी पोटाचे खापर हवे. पोटाचा बाहेरचा व्यास ६० सेंटीमीटर आणि आकार साधारण गोल धरला तर घनफळ ११३ लिटर येते. पण दीड सेंटीमीटरची भिंत दोन्हीकडून वजा केली की आतला व्यास ५७ उरतो आणि घनफळ ९७ लिटर. भिंत विसरली की सोळा लिटर फुकट वाढतात! ९७ लिटरांत जव साधारण ६० किलो मावेल. जवाचे उदाहरण घेतले, कारण इनामगावचे ते मुख्य पीक होते. मात्र एका रांजणावरून घरचा साठा ठरवू नका. तिथे साठवणीच्या कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे आणि जमिनीत खणलेली बळदेही मिळाली आहेत.

प्रश्न : खापर धुवावे का? पांढरा थर लिंबाने किंवा फरशी पुसायच्या ॲसिडने निघेल का?

उत्तर : ॲसिड नको, लिंबूही नको, व्हिनेगर तर नकोच. काळ्या जमिनीतला कडक पांढरा थर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ॲसिड तो विरघळवते, पण खापराच्या अंगातली चुनखडीही विरघळवते, रंगातले लोह सैल करते आणि मागे असे क्षार ठेवते की ते पावसाळ्यात ओल धरतात. खापर आज उजळ दिसते आणि पुढे त्याला पापुद्रे सुटतात. तो थर नक्षी झाकत नसेल तर राहू द्या. झाकत असेल तर ओला करून, भिंगाखाली, लाकडी टोकाने जेवढा सहज सुटेल तेवढाच काढा.

धुण्याआधी ठरवा की प्रयोगशाळेत काही पाठवायचे आहे का. आतल्या भिंतीत मुरलेल्या तेला-चरबीचे अवशेष तपासायचे असतील तर धुवायचे नाही, आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचे नाही. प्लॅस्टिकमधली द्रव्ये नमुन्यात उतरतात. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा.

तसे काही नसेल तर आधी कोरडा मऊ ब्रश. मग रंग आहे का पाहा : ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर टेकवा, घासू नका. बोळ्यावर रंग आला तर पाणी बंद. नाही आला तर साध्या पाण्यात, मऊ ब्रशाने, एकेक खापर. बादलीत भिजत घालू नका. कच्चे भाजलेले खापर तासाभरात चिखल होते, आणि रांजणांच्या जाड भिंतींचा गाभा पुष्कळदा कच्चाच असतो. सावलीत जाळीवर वाळवा. दीड सेंटीमीटरच्या खापराला आतून वाळायला तीन-चार दिवस लागतात. वरून कोरडे वाटले म्हणून पिशवीत भरले की बुरशी.

वाळल्यावर कापसासारखे पांढरे स्फटिक वर आले तर ते पाण्यात विरघळणारे क्षार. ओल्या बोळ्याने पुसले की जातात, आणि हवेतली ओल बदलली की परत येतात. प्रत्येक खेपेला पृष्ठभागाचा थोडा भाग घेऊन जातात. खापर पक्के भाजलेले असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून रोज पाणी बदला आणि पाणी शुद्धीकरण यंत्रासोबत येतो तो खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावा. लागोपाठ दोन दिवस आकडा ताज्या पाण्याच्या जवळपास राहिला की थांबा. पाण्याने भरलेल्या रांजणांना हा त्रास वापरात असतानाच होतो : पाणी भिंतीतून झिरपून बाहेर सुकते आणि क्षार बाहेरच्या अंगाला साचतात. बाहेरून खडबडीत झिजलेले आणि आतून ठणठणीत खापर दिसले तर ते पाण्याच्या रांजणाचे असण्याची शक्यता धरावी.

प्रश्न : रायगडच्या किनाऱ्यावर आडव्या कंगोऱ्यांचे, पिवळसर, जाड खापर मिळाले. आतून काळा चकचकीत थर आहे. हे रोमन का?

उत्तर : काळ्या थरावरून रोमन म्हणता येणार नाही. इराणी आखात आणि मेसोपोटेमियाकडून सासानी काळात (इराणच्या सासानी साम्राज्याच्या, इ.स. तिसऱ्या ते सातव्या शतकात) आणि त्यानंतरही टोकदार तळाचे, उभट, बिनकानाचे रांजण या किनाऱ्यावर येत. आकारावरून त्यांना टॉर्पेडो रांजण म्हणतात आणि त्यांना आतून नैसर्गिक डांबराचा लेप असतो. घारापुरीला आणि आत थेट नेवाशाला त्यांची खापरे मिळाली आहेत. भारतात पूर्वी ‘रोमन अँफोरा’ (दारू-तेल वाहून नेण्याचे उभट भांडे) म्हणून नोंदलेली बरीच खापरे फेरतपासणीत याच रांजणांची निघाली.

रोमन अँफोराला दोन कान असतात. कानाचा तुकडा मिळाला तर काम सोपे होते. तोही आतून काळा असू शकतो, पण ती बहुधा पाइनची राळ. इटलीतल्या कांपानिया भागातल्या अँफोरांच्या मातीत काळी चमकदार ज्वालामुखी वाळू असते. इथेच घोटाळा होतो, कारण त्या वाळूतही पायरोक्झिन आहे आणि आपल्या बसाल्टच्या वाळूतही. भिंगाने हा निवाडा होत नाही, ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते.

तुमच्या थराला आग, रॉकेल, थिनर लावून पाहू नका. काजळी मंद काळी असते आणि बोटाला लागते. डांबर चकाकते, त्याला काचेसारखे तडे जातात आणि ते आतल्या बाजूलाच राहते. डांबर कोणत्या झऱ्याचे हेही प्रयोगशाळेत बऱ्याचदा सांगता येते. घरी खरवडलेल्या आणि थिनरने पुसलेल्या थरावरून मात्र ते सांगता येत नाही.

प्रश्न : खापराचे वय यंत्राने काढून मिळते ना?

उत्तर : मिळते, पण शेतात वर पडलेल्या खापराचे समाधानकारक नाही. तप्तदीप्ती पद्धतीत भांडे शेवटचे कधी तापले ते मोजतात. भाजताना खनिजकणांतली साठलेली ऊर्जा शून्यावर येते आणि पुढे खापराच्या स्वतःच्या आणि आसपासच्या मातीतल्या किरणोत्साराने पुन्हा भरत जाते. त्यामुळे खापर ज्या मातीत पुरले होते ती, ३० सेंटीमीटरच्या आतली, मातीही लागते. वर पडलेल्या खापराची ती माती कोणती, हेच ठरत नाही. खापराचा बाहेरचा दोन मिलिमीटर थर काढून टाकतात, म्हणून पातळ तुकडा चालत नाही. रांजणाची खापरे या बाबतीत सोयीची. नमुना उन्हात न धरता काळ्या पिशवीत घालावा लागतो. सगळे नीट झाले तरी चूक ५ ते १० टक्क्यांची, म्हणजे तीन हजार वर्षांत दीडशे ते तीनशे. त्याच थरातले जळलेले धान्य मिळाले तर रेडिओकार्बन पद्धत जास्त नेमकी. हे सारे उत्खननात शोभते.

प्रश्न : खापर घरी ठेवणे गुन्हा आहे का? कोणाला कळवावे?

उत्तर : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे : जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. संरक्षित स्थळावरून काहीही उचलायचे नाही, तिथे खणायचे तर नाहीच. खापर विकत घेणे-देणे टाळा. गिऱ्हाईक दिसले की टेकाडे रात्रीत उकरली जातात.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला जागेच्या नोंदीसह छायाचित्रे पाठवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावच्या वस्तू पाहायला मिळतात. आपले खापर ताडून पाहायला याहून चांगली जागा नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली दिसली तर हात थांबवा. जोर्वे काळात लहान मुलांना असे घराच्या जमिनीखाली पुरत. इनामगावला तर चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात बसवलेल्या प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. तिथे खापर उचलले की मागचे सगळे विस्कटते.

प्रश्न : तीन तुकडे जुळतात. कशाने चिकटवू?

उत्तर : शक्यतो चिकटवू नका, जुळवून छायाचित्र घ्या. चिकटवायचेच तर पॅरालॉइड बी-७२ हे ॲसिटोनमध्ये विरघळवलेले राळद्रव्य वापरतात, कारण ते पुन्हा ॲसिटोननेच सोडवता येते. एपॉक्सी सुटत नाही आणि सोडवायला गेले तर खापराचा पापुद्रा घेऊन निघते. पांढरा फेविकॉल ओलीत सरकतो. कडा धुळीविना कोरड्या हव्यात. एक कण मध्ये राहिला तर तिसरा तुकडा बसत नाही. म्हणून आधी तिन्ही न चिकटवता रचून पाहा, क्रम ठरवा, मग एका कडेला पातळ थर. जोड वाळेपर्यंत वाळूच्या परातीत असा रोवून ठेवा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने सांध्यावर सरळ बसेल. क्रमांक घालायचा असेल तर आतल्या बाजूला, नक्षीपासून आणि कडांपासून दूर : आधी त्याच द्रव्याचा छोटा थर, तो वाळला की त्यावर शाई, मग वरून पुन्हा थर. शाई थेट खापरावर गेली तर ती छिद्रांत उतरते आणि निघत नाही.